सोलापुरात स्टाफ नर्स आहे, हॉस्पिटलच्या प्रशासनात जायचंय. एम.एस्सी. नर्सिंग, एमएचए की एमबीए?

शिकवायचं असेल तर एम.एस्सी. नर्सिंग. हॉस्पिटल चालवायचं असेल तर एमएचए, म्हणजे हॉस्पिटल प्रशासनाची पदव्युत्तर पदवी. याच प्रश्नावरून आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

मी इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात वॉर्ड इनचार्ज होते. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'आज सोडा' म्हणायचे आणि पेशंट बाहेर पडायचा दिवेलागणीला. इंडी, अक्कलकोटकडचे नातेवाईक पिशव्या भरून बाकावर बसलेले. 'सिस्टर, शेवटची एसटी जाईल की ओ!' मॅनेजमेंटने ठरवलं, बिलिंगला अजून एक माणूस घेऊ. मी मीटिंगमध्ये सांगितलं, अडतंय ते बिलिंगला नाहीच. फाइल डिस्चार्ज समरीसाठी आरएमओंच्या (निवासी डॉक्टरांच्या) टेबलावर पडून असते, आणि उरलेली औषधं फार्मसीत परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही. उद्या कोण सुटणार हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच कळतं, तर समरीचा मसुदा आणि औषधांची परती रात्रपाळीत उरकून घ्या. नवीन आलेले मॅनेजर म्हणाले, 'सिस्टर, तुम्ही वॉर्ड बघा.' पुढे हेच त्यांनी स्वतःच्या प्रेझेंटेशनमध्ये मांडलं आणि पेशंट दुपारच्या आत सुटायला लागले. मला त्याचा आजही राग येतो. त्यांच्याकडे डिग्री होती म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

थोरले दीर म्हणाले, 'एम.एस्सी. कर, कॉलेजात दहा ते पाच, सणवार घरी.' पण त्यात मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य अशी एक शाखा घ्यावी लागते. व्यवस्थापन हा तेवढा एक विषय. खरेदी, खर्च, कायदे, मनुष्यबळ हे मला एमएचएतच मिळालं.

आणि नर्सला इथे फायदा आहे. मोफत उपचारांची सरकारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना. प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी), पॅकेज (उपचाराचा ठरलेला दर), क्लेम (त्या पैशांची मागणी) यांवर हॉस्पिटलचा पैसा फिरतो, आणि केसपेपरवर एक नोंद राहिली तरी क्लेम अडकतो. ती नोंद ठेवणारी माणसं आपणच.

साधं एमबीए नको. हॉस्पिटल मॅनेजमेंटचं असेल तर चालेल, पुण्यात सिंबायोसिसमध्ये आहे. एमएचएसाठी मुंबईचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) बघा. जिल्हा परिषद किंवा एनएचएमकडे (राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडे) ओढा असेल तर मात्र एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. सरकारी नोकरीत असाल तर बढतीचे नियम आधी आस्थापना शाखेत विचारा, तिथे माझा सल्ला लागू होईलच असं नाही. दोन वर्षं पगार बंद राहतो, घरावर कर्ज असेल तर हिशोब करूनच राजीनामा द्या. आणि कुठेही अर्ज करण्याआधी इंटर्नशिप कोणत्या हॉस्पिटलात, कोणत्या विभागात देतात ते विचारून घ्या.

आज मी ऑपरेशन्स बघते. रात्री-अपरात्री फोन येतात, दिवाळीतही येतात. दीर म्हणाले होते ते त्या बाबतीत खरं ठरलं. पण डिस्चार्जच्या मीटिंगला आता मी वॉर्डच्या सिस्टरना आधी बोलायला लावते.