दिवे लागण्याआधीचा हप्ता

प्रश्न: माझा मुलगा आयटीआयमधून तारतंत्री झाला. दोन वर्षं कराडजवळ स्वतः वायरिंगची कामं घेतो. पण १ लाख ३८ हजार रुपये लोकांकडे अडकलेत. ८२ हजार एका ठेकेदाराकडे, ३१ हजार एका बंगल्याचे, उरलेले नात्यागोत्यात. मालाच्या पैशासाठी दुकानदार घरी येतो. त्याने हे सोडून चाकणला कंपनीत लागावं असं मला वाटतं, तो ऐकत नाही. – एक आई

ताई, नमस्कार.

चाकण जरा बाजूला ठेवू. नोकरी वाईट नसते, पण उधारीला वैतागून धंदा सोडू नये. लोक त्याला पुन्हा कामाला बोलावतात का, एवढं बघा. बोलावत असतील तर हात चांगला आहे, चुकतेय ती पैसे मागायची वेळ.

वायरिंग टप्प्याटप्प्यानं होतं: स्लॅबच्या वेळी पाइप, मग भिंतीला झिऱ्या (पाइपसाठी खाचा), गिलाव्यानंतर वायर ओढणं, शेवटी बोर्ड आणि फिटिंग. तुमचा मुलगा बहुधा दिवे लागल्यावर हिशेब देत असणार. दिवे लागले की मालकाची अडचण संपते. तोवर वास्तुशांती आलेली असते, फर्निचरवाला दारात असतो, आणि वायरमन यादीत तळाला जातो. मालक लबाडच असतो असं नाही. म्हणून पॉइंटचा (दिवा, पंखा, प्लग अशा एकेका जागेचा) दर ठरवतानाच हप्तेही ठरवून कागदावर घ्यावेत: थोडे आगाऊ, पाइप झाल्यावर, वायर ओढल्यावर आणि बोर्ड बसवायच्या आधी सगळ्यात मोठा. शेवटी हजार-दोन हजार राहिले तर राहू देत. हप्ता आला नाही तर भांडायचं नाही, दुसऱ्या साइटवर कामाला जायचं.

आता माल. दुकानदार तुमच्या दारात येतो, कारण वायर आणि स्विच मुलाने स्वतःच्या खात्यावर उचललेत. म्हणजे तो गिऱ्हाइकाला बिनव्याजी कर्ज देतोय! त्याने नुसती यादी काढून द्यावी; बिल मालकाच्या नावावर, पैसेही मालकानेच दुकानात भरायचे. दुकानातलं कमिशन थोडं कमी होईल (ते असतं, हे आपल्याला माहीत आहे), तेवढी मजुरी वाढवावी.

अडकलेल्या पैशांचं बोलू. बंगलेवाल्याला तारीखवार हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवून ‘बरोबर आहे’ एवढं उत्तर मिळवा, मग हप्ते मागा. अशा कामाच्या पैशासाठी दिवाणी दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, तेव्हा ‘दिवाळीनंतर बघू’ हे किती दिवाळ्या ऐकायचं ते ठरवा. रागाच्या भरात जाऊन वायर तोडायची मात्र नाही. पोलीस तक्रार त्याच्यावरच उलटेल.

ठेकेदाराकडून पुढचे पैसे वेळेत यावेत म्हणून मुलाच्या धंद्याची ‘उद्यम’ नोंदणी करा, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी. ती आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय एप्रिल २०२४ पासून असे मुदतीबाहेर थकवलेले पैसे समोरच्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाहीत, त्यामुळे मार्च आला की त्याचा सीए स्वतःच विचारणा करतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नोंदणीआधीच्या ८२ हजारांना हा कायदा उपयोगी पडेल असं धरून चालू नका; ते हप्त्यांवर तोडा आणि तोवर त्याचं नवं काम घेऊ नका. आणि माल-मजुरी एकत्र असलेल्या ठेक्यांना हा कायदा लागू होतो का, यावर कोर्टात वाद झालेत. म्हणून बिल निव्वळ मजुरीचं असलेलं बरं.

नात्यातले २५ हजार त्याला मागता येणार नाहीत. ते तुम्ही मागायचे, ताई. जाऊबाईंना फोन तुम्हीच लावा.

आलेल्या पैशातून आधी दुकानदाराचे थोडे तरी द्या, आणि द्यायला मुलानेच जावं. गावात घर बांधणारा माणूस ‘चांगला वायरमन कोण?’ हे पहिल्यांदा त्या दुकानातच विचारतो.