आधी नाम बघ, मग क्रियापद

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी वही बघितली. ‘ब्रेक’ या इंग्रजी शब्दापुढे तू वारु, ओरु, याबुरु, कोवासु अशी जपानी क्रियापदांची रांग लावली आहेस आणि खाली विचारलं आहेस, ‘यातलं नक्की कुठलं?’ हा गोंधळ इंग्रजीतून आलाय. मराठीतून जपानीकडे गेलीस, तर बराचसा पडणारच नाही. काच फुटते, फांदी मोडते, कागद फाटतो, दोरा तुटतो, यंत्र बिघडतं. ‘काच फाटली’ असं तू झोपेतसुद्धा म्हणणार नाहीस. जपानीतही तसंच आहे: बशी फोडली की वारु, फांदी मोडली की ओरु, कागद फाडला की याबुरु, यंत्र बिघडवलं की कोवासु. दोरा तुटला की किरेरु.

आणखी एक फायदा बघ. फुटणं-फोडणं या आपल्या जोडीसारखीच वारेरु-वारु ही त्यांची जोडी. शिमारु-शिमेरु म्हणजे दार लागणं आणि लावणं. तिकडे रेल्वेत ‘दोआ गा शिमारिमास’ अशी सूचना ऐकू येते. दारं लागतायत एवढंच. कोण लावतंय याचा उल्लेखच नाही.

पण मराठीवरही डोळे मिटून विसंबू नकोस. आपण वचन मोडतो, ते ‘याबुरु’ करतात, म्हणजे आपल्या हिशेबानं फाडतात. आपण औषध घेतो. त्यांच्याकडे गोळीलासुद्धा नोमु, म्हणजे पिणं, हेच क्रियापद. कपड्यांत तर आपण फारच ढिले. साडी-धोतर नेसतो, बाकी शर्ट, पँट, बूट, टोपी सगळं सरसकट घालतो. तिथे शर्ट किरु, पँट आणि बूट हाकु, टोपी काबुरु, चष्मा काकेरु. किमोनो अंगभर असतो म्हणून तोही किरु. म्हणून सुटी क्रियापदं पाठ करणं आजपासून बंद कर. वहीत नाम, त्याचा प्रत्यय आणि क्रियापद एका दमात लिही: ‘बोशि ओ काबुरु’, म्हणजे टोपी घालणं; यातला ‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय. समोरचा इंग्रजी रकाना खोडून टाकलास तरी चालेल. मला तर आवडेल.

ओमोउ आणि कांगाएरु यांवर वेळ घालवू नकोस. वाटणं आणि विचार करणं, एवढ्यावर तुझं बरंच भागेल.

शिरु (माहीत होणं) आणि वाकारु (समजणं) मात्र नीट बघ, कारण तिथे चूक व्याकरणापेक्षा वागण्यात दिसते. वाकारु आपल्या ‘मला समजतं’सारखं आहे, जे समजतं त्याला ‘ओ’ नाही, कर्त्याचा ‘गा’ लागतो. साहेबांनी काम सांगितलं की ‘वाकारिमाशिता’, म्हणजे ‘समजलं’. तिथे ‘शिरिमाशिता’ चालत नाही. माहीत आहे म्हणायला ‘शित्तेइमास’, नाही म्हणायला ‘शिरिमासेन’. पण कोणी विचारलं, ‘उद्या येणार का?’ आणि तुझं ठरलेलं नसेल, तर ‘शिरिमासेन’ म्हणू नकोस. ‘मला काय माहीत!’ असा फणकारा त्यात ऐकू येतो. ‘मादा वाकारिमासेन’, म्हणजे ‘अजून सांगता येत नाही’, असं म्हण. मुलाखतीत हे विशेष सांभाळ.

पुढच्या वेळी आकेरु आणि हिराकु (दोन्ही म्हणजे उघडणं) यांची वाक्यं करून पाठव. डब्याचं झाकण आकेरु, पुस्तक आणि छत्री हिराकु. सरकत्या खिडकीला यातलं कुठलं लागेल, ते तू शोध.

तुझा,
सर