घनकचरा प्रकल्प आणि गावाची हरकत : वाचकांचे प्रश्न

शहराच्या कचऱ्याचा प्रकल्प गावाच्या शिवारात प्रस्तावित झाल्यावर नेमके काय करावे, याविषयी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या गावाजवळ वीस-बावीस एकरांवर कचरा प्रकल्प येणार, असे कळते. सरपंच म्हणतात खताचा कारखाना, लोक म्हणतात डम्पिंग ग्राऊंड. ग्रामसभेने विरोधाचा ठराव करून तहसीलदारांना दिला. एवढे पुरेल का? (वाचक, ता. दिंडोरी)

पुरणार नाही. आधी कागद हातात घ्या आणि मग ठराव पुन्हा करा. ‘कचरा प्रकल्प’ या नावाखाली ओल्या कचऱ्याचे खत किंवा बायोगॅस येतो, सुक्या कचऱ्याची वर्गवारी येते, भरावभूमी (कचरा जमिनीत पुरण्याची जागा) येते, आणि कधी घातक किंवा दवाखान्यांच्या कचऱ्याची भट्टीही येते. प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. अनेक गावा-शहरांचा मिळून सामाईक घनकचरा प्रकल्प 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत 7(झ) क्रमांकाच्या, म्हणजे इंग्रजी प्रतीत 7(आय), नोंदीखाली येतो. त्याला पर्यावरण मंजुरी लागते.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा: एक सातपूरच्या उद्योग भवनातील महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, दुसरा कचरा ज्या महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा असेल तिच्याकडे, तिसरा तहसीलला. प्रत्येकी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. राज्याच्या नियमांत अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो. सगळे एकाच अर्जात कोंबले की तो या कारणाने परत येतो आणि महिना वाया जातो. मागायच्या गोष्टी: जागेचा गट नंबर आणि क्षेत्र, रोजची क्षमता टनांत, त्यातील किती टन कोणत्या प्रक्रियेला, प्रक्रियेनंतर उरलेला माल कुठे जाणार, प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रासाठी केलेल्या अर्जाची प्रत, आणि जागेवर घेतलेल्या बोअरचा भूस्तर अहवाल. 30 दिवसांत उत्तर नाही आले तर वीस रुपये भरून पहिले अपील करा.

उरलेल्या मालाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खत प्रकल्पातही प्लास्टिकचे तुकडे, काच, चिंध्या, माती उरतेच. समजा, रोजच्या 100 टनांतून 20 टन उरले, तर वर्षाला 7,300 टन होतात. ते दुसरीकडे नेण्याची व्यवस्था कागदावर नसेल, तर काही वर्षांत खताच्या कारखान्याशेजारी डोंगर उभा राहतो. म्हणजे सरपंचांचेही खरे आणि लोकांचेही खरे.

नव्या ठरावात गट नंबर, वस्तीपासूनचे मीटरमधील अंतर, विहिरींची यादी, ओढा-नाला कोणत्या दिशेला आणि कोणत्या धरणाला जातो, हे लिहा. गणपूर्ती झाल्याची नोंद हवी: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतील जी संख्या कमी असेल ती. सह्यांचे हजेरीपत्रक ठरावाला जोडा. ‘गावाचा तीव्र विरोध आहे’ एवढ्याच वाक्याला कुठलेही प्राधिकरण उत्तर द्यायला बांधील नसते. ‘गट क्रमांक अमुकमधील पिण्याच्या पाण्याची विहीर 140 मीटरवर आहे’ याला द्यावेच लागते.

जागा किती लांब असली पाहिजे? अधिकारी सांगतात की सगळी अंतरे नियमात बसतात. (द्राक्ष बागायतदार, ता. निफाड)

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावभूमीसाठी दिलेली अंतरे अशी: नदीपासून 100 मीटर, तळे, महामार्ग, वस्ती, सार्वजनिक उद्यान आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून 200 मीटर, विमानतळ किंवा हवाई तळापासून 20 किलोमीटर. गेल्या शंभर वर्षांत नोंदलेल्या पूररेषेच्या आत, पाणथळ जागेत आणि संवेदनशील अधिवासात परवानगीच नाही. 1 एप्रिल 2026 पासून या नियमांची जागा 2026 चे नवे नियम घेतात, म्हणून प्रस्ताव कोणत्या नियमांखाली तपासला हे लेखी विचारा आणि त्याच नियमांतील तक्ता मागा.

निफाडकरांनी विमानतळाच्या अंतराकडे नीट पाहावे. ओझर विमानतळापासून 20 किलोमीटरचे वर्तुळ काढले तर निफाड आणि दिंडोरी तालुक्यांचा मोठा भाग आत येतो. कारण पक्ष्यांचे आहे: उघड्या कचऱ्यावर घारी आणि बगळे जमतात आणि ते विमानाला धडकतात. 10 ते 20 किलोमीटरच्या पट्ट्यात विशेष बाब म्हणून मुभा आहे, पण विमान वाहतूक प्राधिकरणाचा किंवा हवाई दलाचा ना-हरकत दाखला लागतो. दाखल्याची प्रत मागा. तुमच्या तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरही आहे, राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जागेचा नाला तिकडे वाहत असेल तर तो नकाशावर दाखवा.

अंतर मोजताना घोळ होतो तो दोन ठिकाणी. पहिला, प्रकल्पाच्या कागदात अंतर भरावाच्या खड्ड्यापासून धरतात आणि गाव कुंपणापासून मोजते. आराखडा मागून दोन्ही मोजा आणि दोन्ही लिहा. दुसरा घोळ विहिरींचा. नियमाचे शब्द ‘पाणीपुरवठ्याची विहीर’ असे आहेत. मळ्यातल्या ज्या विहिरीचे पाणी वस्ती पिते, ती कागदोपत्री सिंचनाची असते, किंवा सातबाऱ्यावर तिची नोंदच नसते. अशी विहीर अहवाल करणाऱ्याच्या हिशेबी नाहीच. तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज आजच द्या, आणि किती घरे ते पाणी पितात याचा ग्रामपंचायतीचा दाखला घ्या.

खाली प्लास्टिकचा कागद टाकणार, त्यामुळे विहिरींना धोका नाही, असे सांगतात. खरे आहे का? (वाचक, ता. सिन्नर)

अस्तर नीट असेल तर धोका बराच कमी होतो, हे मान्य करायला हवे. 2016 च्या नियमांप्रमाणे भरावभूमीच्या तळाला 90 सेंटिमीटर चिकणमातीचा दाबलेला थर आणि त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचा एचडीपीई कागद लागतो. आपल्याकडच्या शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद डोळ्यासमोर आणा; हा त्याच्या तिप्पट जाड. मातीच्या थरातून पाणी सेकंदाला 1 सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा वेगाने झिरपता कामा नये, आणि भूजलाची पातळी या थराच्या तळापासून 2 मीटरहून खाली हवी.

बिघडते ते असे. कागदाचे जोड गरम करून डकवतात. जोडाची तपासणी झाली नाही, किंवा कागदावर संरक्षक थर टाकण्याआधीच जेसीबी फिरला, की भोके पडतात. आपली काळी माती ओली असताना उत्तम अडवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे थर टाकून उघडा ठेवला तर निकामी होतो. शिवाय भूजल पातळी मे महिन्यात मोजली तर 2 मीटरची अट सहज पास होते. तीच विहीर सप्टेंबरात काठोकाठ असते. पावसाळ्यानंतरचे मोजमाप मागा.

आपल्या भूगर्भात मुरमाखाली मांजऱ्या (मऊ खडक) आणि खाली काळा पाषाण असतो. पाणी सगळीकडे सारखे न झिरपता भेगांनी आणि सांध्यांनी पळते. म्हणून जवळची विहीर चांगली राहून लांबची खराब होऊ शकते. ‘जवळच्या विहिरीला काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे.

तुमच्या हातात असलेले सगळ्यात मोलाचे काम म्हणजे प्रकल्पाआधीची पाणी तपासणी. द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात रासायनिक खतांमुळे विहिरींत नायट्रेट आधीच वाढलेले असते. आजची नोंद नसेल तर उद्या प्रत्येक वाढ तुमच्याच खतांच्या नावावर जाईल. उताराच्या दिशेच्या सात-आठ आणि वरच्या अंगाच्या दोन विहिरी निवडा. मोटर दहा मिनिटे चालवून मग नमुना घ्या. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली वापरा. बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोहोचवा. सामू, एकूण विरघळलेले क्षार, क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया, सीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप), लोह, शिसे आणि कोलिफॉर्म जिवाणू तपासून घ्या. कचऱ्याचे काळे पाणी, म्हणजे लीचेट, मिसळू लागले की क्लोराइड आणि क्षार बहुधा आधी वाढतात, कारण क्लोराइड जमिनीत कुजत नाही की अडकत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असे तीन वेळा करा.

जनसुनावणीत काय बोलावे? शेजारच्या तालुक्यात लोकांनी सुनावणी उधळली, तसे करावे का? (वाचक, ता. चांदवड)

उधळू नका. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी सुनावणी शक्य नाही, असा अहवाल गेला तर सुनावणी वगळूनच पुढे जाण्याचा निर्णय प्राधिकरण घेऊ शकते. 2006 च्या अधिसूचनेत तशी तरतूद आहे. गावाचा एकमेव अधिकृत मंच गाव स्वतःच्या हाताने घालवते, याचे फार वाईट वाटते.

पर्यावरण मंजुरीआधीच्या या सुनावणीची सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात, किमान 30 दिवस आधी येते. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. त्याचा सारांश मराठीत असावाच लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो. पूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. हजेरीला गणपूर्तीची अट नाही, म्हणून बहिष्कार टाकला तरी सुनावणी झालीच असे धरतात.

तीस दिवसांत कामे वाटून घ्या. एकाने पाणी, एकाने रस्ता आणि गाड्यांच्या फेऱ्या, एकाने अंतरे, एकाने पावसाळा. प्रत्येकाने दोन-तीन मिनिटांत एकच मुद्दा मांडावा, तोच लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. अहवालातील हवा-पाण्याची मोजणी बहुधा एकाच ऋतूची, पावसाळा सोडून असते. इथे हिशेब मांडा: एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होते. खताचे ढीग दोन हेक्टर उघड्यावर असतील तर वीस लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. लीचेटची टाकी केवढी आहे? उरलेले पाणी कोणत्या नाल्याला जाणार? या प्रश्नाला आकड्यातच उत्तर मागा. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायला सांगा. आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच घालायला लावा, कारण त्याच दिवशी त्यावर सही होते. अंतिम अहवालात प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे लागते.

एमआयडीसीच्या हद्दीतील भूखंडाला मात्र सुनावणीतून सूट मिळू शकते. जागा हद्दीत आहे की हद्दीला लागून, हे मोजणी नकाशावर पाहा.

जागा गायरान आहे. देता येते का? (वाचक, ता. येवला)

सहजासहजी नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा 12 जुलै 2011 चा शासन निर्णय गावच्या सामाईक जमिनींना संरक्षण देतो. सार्वजनिक प्रयोजनाचा अपवाद आहे, पण दुसरी योग्य जागा नाही हे दाखवावे लागते. कोणत्या पर्यायी जागा पाहिल्या आणि का नाकारल्या, हे विचारा.

आमचे गाव अनुसूचित क्षेत्रात आहे. वेगळे काही? (वाचक, ता. पेठ)

होय. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे पूर्ण तालुके, तसेच इतर काही तालुक्यांतील ठरावीक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) भूसंपादनाआधी सल्लामसलत बंधनकारक आहे, आणि राज्याचे पेसा नियम 2014 चे आहेत. सल्लामसलत झाली का, कोणत्या तारखेला, नोंदवही कुठे, हे मागा.

‘शास्त्रोक्त प्रकल्पाला वास येत नाही’ हे कितपत खरे? (वाचक, ता. इगतपुरी)

ओला कचरा वेगळा आला, ढिगात 50 ते 60 टक्के ओलावा राहिला आणि वेळेवर पलटी झाली, तर ढीग 55 ते 65 अंशांवर तापतो आणि वास थोडा राहतो. ओलावा त्याच्या वर गेला की हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. तुमच्या तालुक्यातला पाऊस पाहता छपराशिवाय हे जमणारच नाही. म्हणून पूर्ण क्षेत्रावर छप्पर, मिसळायला बगॅस किंवा पालापाचोळा, कचरा वर्गीकृतच घेण्याची अट आणि गाडी परत पाठवण्याचा अधिकार, हे संमतिपत्राच्या अटींत घालायला लावा. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेच्या वस्त्या आधी मोजा. कुंपणाची उंची आणि मटण-मासळीच्या कचऱ्याची व्यवस्थाही विचारा: कुत्री जमली की मागोमाग बिबट्या येतो. नाशिक महापालिकेचा पाथर्डी परिसरातील खत प्रकल्प रीतसर परवानगी काढून जुलैमध्ये बघा, उन्हाळ्यात बघून काही कळणार नाही.

मंजुरी मिळालीच तर? (अनेक वाचक)

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात 30 दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळतात, त्यानंतर दार बंद. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क 1,000 रुपये. कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून ठराव, पाणी अहवाल आणि सुनावणीच्या पोचपावत्यांची भाषांतरे आधीच करून ठेवा. गाड्या अडवल्या तर गुन्हे तरुणांवर दाखल होतात, आणि अपिलाचे हे तीस दिवस पोलीस ठाण्याच्या चकरांत संपतात.