बाजारतळावर संकुल होतंय म्हणून गाव बंद करण्याआधी

दादा, तुमचं सगळं वाचलं. आठवडी बाजार भरतो त्या जागेवर नगरपरिषद बीओटीवर (ठेकेदारानं बांधायचं, काही वर्षं वापरायचं, मग पालिकेला परत द्यायचं) तीन मजली व्यापारी संकुल बांधायला निघालीय, मेन रोडचे दुकानदार चिडलेत, सोमवारी गाव बंद ठेवून तहसीलवर मोर्चा न्यायचं ठरतंय, आणि याहून जास्त काय करता येईल असं तुम्ही विचारलंय. आधी तो सोमवारचा बंद पुढं ढकला.

आमचंही परभणीकडचं तालुक्याचं गाव. पंधराएक वर्षांमागं आम्ही असाच बंद केला होता. मोंढा (धान्यबाजार) बंद, शाळा बंद, पानटपरीसुद्धा बंद. तहसीलदार साहेबांनी निवेदन घेतलं, फोटो निघाला, दुपारी सगळे जेवायला घरी. जागेचा वापर बदलण्याची नोटीस त्याआधीच एका पेपरात येऊन गेली होती. तो पेपर आमच्या गावात कोणी घेतच नव्हतं. हरकतीचा महिना उलटला तेव्हा आम्ही घोषणांचे बोर्ड रंगवत होतो. आज ते संकुल उभं आहे. खालचे गाळे गेले, आणि घेणाऱ्यांत सगळ्यात मोठ्यानं ओरडणारेच पुढं होते. माझ्या चुलत्यानंही एक घेतला, लपवत नाही. वरच्या दोन मजल्यांवर पारवे राहतात. भाजीवाल्या बाया स्टँडच्या रोडला धुळीत बसतात आणि तहबाजारीची, म्हणजे बाजारात बसायच्या फीची, पावती मात्र त्यांच्याकडून अजून फाडली जाते.

म्हणून आधी कागद. पहिला कागद शहराच्या विकास योजनेचा नकाशा. त्यात ही जागा कशासाठी दाखवलीय ते बघा. मैदान, बाग किंवा खुली जागा असेल आणि तिथं गाळे बांधायचे असतील, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, हरकतीला एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि मंजुरी शासन देतं. हरकत कोणीही घेऊ शकतो, दुकानदार असायची गरज नाही. पण नकाशात मुळातच ‘बाजार’ किंवा ‘व्यापारी संकुल’ असं आरक्षण असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो. त्यावर जोर देऊन वेळ घालवू नका.

दुसरा कागद ठराव. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ठराव, निविदा आणि गुत्तेदाराशी (ठेकेदाराशी) झालेला करारनामा, तिन्ही मागा. ठराव निवडून आलेल्या सभागृहानं केला की प्रशासकाच्या काळात झाला, तेही बघून ठेवा. पालिकेची स्थावर मालमत्ता दुसऱ्याला द्यायची तर त्याला १९८३ चे नियम आहेत, ते पाळलेत का हे त्या कागदांवरूनच कळेल. गाळ्याची अनामत किती, गुत्तेदाराकडं जागा किती वर्षं राहणार, आणि पालिकेचे आधीचे किती गाळे रिकामे पडलेत, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा फार उशिरा येतं. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण त्यांच्यापुढं नुसती चीड नेऊन चालत नाही.

तिसरं, जागा पालिकेचीच आहे का? आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, जुन्या नोंदी उर्दूत आहेत, आणि कुठं गायरान, कुठं इनाम असलेली जमीन पुढं पालिकेच्या ताब्यात आली. नुसत्या सातबारावर थांबू नका. खासरा पत्रक आणि जुनं पाहणी पत्रक, हे जमिनीचे जुने उतारे, काढा. शासनानं जागा ‘बाजारासाठी’ म्हणून अटीवर दिली असेल तर त्या एका ओळीत तुमचं निम्मं काम होतं.

वकिलाला लखनौच्या झंडेवाला पार्कचा निकाल काढायला सांगा, एम. आय. बिल्डर्स विरुद्ध राधेश्याम साहू, १९९९. महापालिकेनं निविदा न काढता एका बिल्डरला बागेखाली बाजार बांधायला दिला होता. बांधकाम बरंच पुढं गेलं होतं, तरी सुप्रीम कोर्टानं ते पाडून बाग पूर्ववत करायला लावली. ती बाग होती, तुमचा बाजारतळ आहे, त्यामुळं जशास तसं लागू होईल असं मी म्हणत नाही.

आता थोडं कडू बोलतो. तुमच्या समितीत सगळे दुकानदारच दिसतात. सुनावणीत समोरचा एवढंच म्हणेल की यांना स्पर्धा नको. आणि ते थोडं खरंही आहे ना? ‘आमचा धंदा बसेल’ ही हरकत टिकत नाही. बाजार ज्यांचा आहे त्यांना पुढं बसवा: भाजीवाल्या, बांगड्यावाला कासार, मिरची-मसाल्याची पालं लावणारे, शेळ्या घेऊन येणारे, आणि आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, जे सोयाबीन मोंढ्यात घालून आठवड्याचा बाजार करून परततात. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. ५० वर्षांहून जुन्या नैसर्गिक (आपोआप भरत आलेल्या) बाजारातल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही त्याच्या अनुसूचीत आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेतेच असावे लागतात. तुमच्याकडं ती समिती कागदावर तरी आहे का, हे विचारलं की कार्यालयात एकदम शांतता पसरते, अनुभव घेऊन बघा.

बाजार ५० वर्षांचा आहे हे तोंडी सांगून भागणार नाही. तहबाजारीच्या लिलावाच्या जुन्या नोंदी पालिकेतच असतात, त्यांच्या नकला मागा. पुढचे चार बाजार पोरांना पाठवून पालं मोजा, तारखेसकट फोटो काढा. हरकती मात्र एकाच झेरॉक्सवर ५०० सह्या अशा देऊ नका. ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत लिहावं, मोडकं लिहिलं तरी चालेल, आणि आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

मोर्चा सुनावणीच्या दिवशी काढा, तेव्हा गर्दी कामाला येईल. सोमवारी दोघं जण जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जा आणि कलम ३७ ची नोटीस निघालीय का ते विचारा. निघाली असेल तर तारीख कळवा, हरकतीचा मसुदा मी बघून देतो.