‘फाशी झाली नाही म्हणून मला बरं वाटलं, बाय’

“निकालाच्या दिवशी कोर्टातून परत येताना गाडीत सगळे रागानं धुमसत होते. मला मात्र बरं वाटलं. जन्मठेप झाली, फाशी नाही झाली, म्हणून बरं वाटलं. पोटच्या पोराला मारणाऱ्याबद्दल असं वाटणारी मी कसली आई, बाय?”

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून काकी माझ्याकडे समुपदेशनासाठी येत होत्या. त्यांच्या परवानगीनं हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांच्या मुलाचा जमिनीच्या हद्दीवरून झालेल्या भांडणात खून झाला. मारणारा शेजारच्या वाड्यावरचा. गुन्हा शाबीत झाला, त्याबद्दल कुणाला शंका नव्हती.

हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. ज्यांना फाशी हवी असते त्यांना आपण क्रूर झालो असं वाटतं. ज्यांना नको असते त्यांना आपलं प्रेमच कमी पडलं असं वाटतं. दोघंही रात्री जागतात.

पहिल्या भेटींमध्ये मी काकींना मुलाबद्दल विचारायचे आणि त्या मारणाऱ्याबद्दल सांगायच्या. तो कोर्टात कसा उभा होता, त्याच्या वकिलानं काय विचारलं, जामिनाला किती वेळा अर्ज केला. घरातही तेच चालायचं. खटला सुरू झाल्यापासून त्या माणसाचं नाव रोज निघत होतं आणि मुलाचं नाव निघेनासं झालं होतं. मला या घराची खरी दुखापत तिथे दिसली.

मग एकदा त्यांनी दहाव्याची गोष्ट सांगितली. पिंड ठेवले, पण कावळा येईना. ऊन चढलं. नातेवाईक एकेक करून हात जोडून बोलले: तुझ्या बायकोला सांभाळू, तुझ्या मुलीला शिकवू. कावळा झाडावरून हलला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात थोरले भावजी पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, “तुला मारणाऱ्याला फासावर चढवल्याशिवाय या घरात माटोळी बांधणार नाही.” आणि कावळा शिवला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं, फुलं, वेली, कणसं यांची जी चौकट टांगतात ती माटोळी. काकींचा मुलगा टिप्पर चालवायचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर गॅरेजमध्ये लागला. पण चवथीच्या आधीचे दोन दिवस कुणासाठी थांबायचा नाही, रानात जायचा. भावजींनी नेमकी त्याची सगळ्यात आवडती गोष्ट त्याच्याच नावानं बंद केली होती.

म्हणजे काकींच्या मनात न्यायाचा प्रश्न नव्हताच. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला, त्याचा जीव अडकून राहिला, आणि आपल्याला त्याचं बरं वाटतंय, ही ती भीती होती. अशा वेळी ‘कावळ्याचं काय खरं मानता’ असं म्हणणारा समुपदेशक माणूस गमावतो. काकींसाठी कावळा खरा होता. मी एवढंच विचारलं, “काकी, तुमचा मुलगा असं काही मागणारा होता का?”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो रागावायचा, पण रात्री जेवायला बसेपर्यंत विसरायचा. त्याला मुलीची काळजी असणार. फाशी त्यानं नसती मागितली.” आणि पुढे: “निकालाच्या दिवशी त्या मारणाऱ्याची आई बाकावर बसली होती. आम्ही एकाच देवळातल्या. मला वाटलं, याला फाशी झाली तर हीसुद्धा अशीच उन्हात कावळ्याची वाट बघत बसेल. ते मला नको होतं. मला त्याला माफ नाही करायचंय, बाय. फक्त ते नको होतं.”

त्यांना बरं का वाटलं, याचं उत्तर त्यांनीच दिलं होतं. कुणाचा मृत्यू न मागणं आणि क्षमा करणं या दोन गोष्टी एक नाहीत. क्षमा केली नाही तरी चालतं. ती मी कुणाकडून मागत नाही, आणि मागणाऱ्या नातेवाइकांना थांबवते.

घरात दुसरं संकट चालू होतं. भावजी वरच्या कोर्टात जाण्यासाठी सुनेचे दागिने मोडायला निघाले होते. मी कुटुंबाला विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडे पाठवलं. तिथे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत सल्ला मिळतो. वकिलांनी समजावलं की 2009 च्या दुरुस्तीपासून पीडिताच्या कुटुंबाला अपिलाचा हक्क आहे, पण आरोपी सुटला, सौम्य गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तरच. शिक्षा वाढवून मागायचं अपील फक्त सरकार करू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. आणि जन्मठेप म्हणजे 14 वर्षं नव्हे. ती आयुष्यभराची शिक्षा आहे. सरकार सूट देऊ शकतं, पण ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात 14 वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढण्याआधी नाही. हे न कळल्यामुळे किती घरं ‘तो उद्या सुटून येईल’ या धास्तीत जगतात, ते मी पाहते.

फाशी झाली असती तरी तिथे काही संपलं नसतं. आधी उच्च न्यायालयाची मान्यता, मग सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज. निर्भया प्रकरण डिसेंबर 2012 चं. सगळा देश मागे उभा होता, तरी फाशी 20 मार्च 2020 ला झाली. तेवढी वर्षं प्रत्येक तारखेला मुलाचं मरण नव्यानं सोसावं लागतं. त्या मुलीच्या आईवडिलांनी फाशी मागितली यात मला काहीही वावगं वाटत नाही. ज्याचं माणूस गेलं त्यानं काय मागावं हे ठरवणारी मी कोण?

शिक्षा देणारं सरकार मात्र शोकात नसतं, म्हणून त्याला वेगळं मोजमाप लावलं पाहिजे. माझं मत मी काकींना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. इथे सांगते: मी फाशीच्या विरोधात आहे. 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी, अशी चौकट घातली. तरी 2009 मध्ये त्याच न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी ठरवली आणि 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. ते जिवंत होते म्हणून सुटले. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता तर त्या निकालाचा त्यांना काय उपयोग होता?

भावजी रागानं म्हणायचे, “पोर्तुगीज असते तर चौकात टांगला असता.” पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 1787 च्या पिंटोंच्या बंडानंतर लोकांना मारलं गेलं, तो काळ त्यांच्या डोक्यात असावा. पण पोर्तुगालनं साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी 1867 मध्येच रद्द केली आणि काही वर्षांत वसाहतींमध्येही तो नियम आणला. मुक्तीनंतर भारतीय कायद्याबरोबर ती इथे परत आली.

काकींनी पुढे काय करायचं ते स्वतःच ठरवलं. वर्षश्राद्ध कधीच होऊन गेलं होतं, म्हणून त्या देवळात गेल्या आणि गाऱ्हाणं घातलं: पोराच्या नावानं दिलेला फाशीचा शब्द आम्ही परत घेतो, नातीला शिकवायचा शब्द पाळतो. सून सोबत होती. सरकारनं अपील करावं म्हणून भावजींनी केलेल्या अर्जावर दोघींनी सही केली नाही. त्यावरून घरात मोठं भांडण झालं, काही दिवस चुलीही वेगळ्या झाल्या. मी तसं होईल हे त्यांना आधी सांगितलं होतं.

काही महिन्यांनी भावजी स्वतः आले, भांडायच्या तयारीनंच. तासभर फाशीवर बोलले. मी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की त्या संध्याकाळी हद्दीचा वाद मिटवायला पुतण्याला त्यांनीच पाठवलं होतं. “तू जा, तुझं तो ऐकतो,” असं म्हणून. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. दहाव्याला इतक्या मोठ्यानं शब्द का दिला, ते मला तेव्हा कळलं. फाशी हवीच हे त्यांचं मत आजही कायम आहे, आणि ते बदलायला मी बसलेले नाही. आमचं बोलणं त्या संध्याकाळबद्दल चाललंय. काकींना ते सांगायचं की नाही, हे अजून त्यांचं ठरत नाही.