ती ७८ची तबकडी आधी बाजूला ठेवा, स्पिरिट लावू नका

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. नागपूरच्या इतवारीतल्या कबाड्याकडे साठच्या दशकातल्या बीटल्स या इंग्लिश बँडची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी रेकॉर्ड मिळाली, त्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या पार्लोफोन कंपनीचं लेबल, खाली मेड इन इंडिया. तुमचे प्रश्न दोन. बीटल्सच्या काळात ७८ कुठून आली, म्हणजे ही नकली तर नाही? आणि एकाने सुचवलं तसं स्पिरिटने पुसू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलोन, यातलं काहीही त्या तबकडीजवळ नेऊ नका. बाटली उघडली असेल तर आधी झाकण लावा, मग पुढचं वाचा.

हे इतक्या जोरात सांगतोय कारण तुमच्यासारखीच तबकडी माझ्या हातात २००३ साली आली होती. कामठी छावणीतलं एक कुटुंब घर आवरून बाहेरगावी चाललं होतं. त्यांच्याकडून एक पत्र्याची पेटी घेतली, त्यात खाली ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’. दहा इंची, जड, वर चाळीस वर्षांची धूळ आणि बोटांचा चिकटपणा. नागपुरातल्याच एका दुकानात, नाव घेत नाही, मी पुसण्याबद्दल विचारलं. समोरच्याने रेकॉर्ड बघितलीसुद्धा नाही. “मेडिकलमधून स्पिरिट घ्या, कापूस घ्या, चकाचक होते.” तो मनातल्या मनात ४५ आणि एलपीबद्दल, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या आणि ३३ फेऱ्यांच्या मोठ्या, नंतरच्या काळातल्या रेकॉर्डबद्दल बोलत होता. मी ७८बद्दल ऐकत होतो.

घरी येऊन पुसायला घेतलं. कापूस काळा झाला. मला वाटलं, वा, किती मळ निघतोय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसऱ्याला जोर लावला. पाच-सहा बोळे झाल्यावर लक्षात आलं की मळ केव्हाच संपला, आता तबकडीच निघतेय. चमक गेली होती, बोट लावलं तर चिकटत होतं. वाळल्यावर वाजवली, तर गाण्यावर टिनाच्या छतावर पाऊस पडावा तसा आवाज. एक बाजू पूर्ण गेली. दुसऱ्या बाजूला मी हात लावला नव्हता, म्हणून ‘धिस बॉय’ तेवढं वाचलं.

कारण मला कळलं पुढच्या महिन्यात, घरी सुतार आला तेव्हा. दाराला पॉलिश करायला त्याने लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजत घातला होता. सकाळी बघितलं तर दाणा विरघळून मधासारखं पाणी झालेलं. मी त्या डब्याकडे बघत तिथेच बसलो. ७८ची रेकॉर्ड लाखेचीच असते ना. आपल्याकडे पळसावर, बोरीवर जो लाखेचा किडा वाढतो, त्याच लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून ती दाबायचे. माझ्या कापसावर आलेला काळा रंग म्हणजे ती काजळी होती. ४५ आणि एलपी व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या. त्यांना डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केलेलं आयसोप्रोपिल चालतं. लाखेला अल्कोहोलचा थेंबही चालत नाही. हा फरक दुकानात बसणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने सल्ला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. आजही मला त्याचा राग येतो.

आता नकलीचा प्रश्न. ज्यांनी तुम्हाला “७८ म्हणजे बनावट” सांगितलं, त्यांनी ब्रिटनचा इतिहास भारताला लावला. तिकडे १९६०च्या सुमारास पॉपच्या ७८ बंद झाल्या. आपल्याकडे मात्र गावोगावी चावीचे ग्रामोफोन होते, वीज नव्हती, त्यामुळे ग्रामोफोन कंपनी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात साठच्या दशकातही ७८ काढत राहिली. बीटल्स त्यातच आले. ब्रिटनमध्ये ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’ २९ नोव्हेंबर १९६३ला ४५वर निघालं, नंबर आर ५०८४. तेच गाणं आपल्याकडे ७८वरही मिळत होतं, आणि आज जगभरचे बीटल्सवाले या भारतीय ७८ शोधत फिरतात. “इंग्रजी गाणं म्हणजे लंडनचीच प्रत खरी” हे डोक्यातून काढा.

ओळखायचं कसं, तर लेबल आणि रनआउट दोन्ही वाचून. रनआउट म्हणजे गाणं संपल्यापासून लेबलपर्यंतचा गुळगुळीत पट्टा. टॉर्च तिरपा धरला की त्यात कोरलेले आकडे दिसतात. त्यातला मुख्य तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मूळ साच्याचा नंबर. पण नुसत्या त्याच्यावरून देश ठरवू नका. मूळ साचा परदेशातून आला असेल तर नंबरही तिकडचाच असतो. देश सांगतं ते लेबल. उलट, नुसतं लेबल बघून “पहिली प्रत” असंही म्हणू नका.

कोणाच्या काकांनी लंडनहून आणलेली ४५ हाती लागली तर तिचं वाचन वेगळं. बीटल्सचं ‘लव्ह मी डू’ ऑक्टोबर १९६२मध्ये आलं तेव्हा पार्लोफोनचं लेबल लाल होतं. काळ्या लेबलची त्याची प्रत नंतरची. पार्लोफोन ज्या ईएमआय कंपनीचं, तिच्या त्या काळातल्या ब्रिटिश प्रतींवर रनआउटमध्ये मॅट्रिक्स नंबर खाली येईल अशी तबकडी धरली, की उजवीकडे एक-दोन सुटी अक्षरं दिसतात. ती ‘ग्रामोफ एलटीडी’ या शब्दातली. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. ‘आरडी’ दिसलं तर विसावा स्टॅम्पर, म्हणजे प्रती दाबायचा साचा. डावीकडचा आकडा मदरचा, म्हणजे ज्यावरून स्टॅम्पर बनवत त्या तबकडीचा. ही अक्षरं पहिल्यांदा मला लागली त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या ४५ काढून रात्री दोनपर्यंत वाचत बसलो होतो. पण एकेका स्टॅम्परमधून शेकडो प्रती निघत, म्हणून ‘जी’ दिसला की पहिलीच प्रत मिळाली असं समजू नका.

तुमची तबकडी साफ करायची तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. भिजत अजिबात घालू नका, काही ७८च्या पोटात कागदाचा थर असतो, पाणी शिरलं की ती फुगते. उभी ठेवून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. आणि लाख की व्हिनाइल हे वाकवून बघू नका. लाखेची तबकडी वाकत नाही, सरळ तुटते. शंका असली तर लाखेचीच समजून वागा.

वाजवताना एलपीची सुई लावू नका. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. आजोबांच्या चावीच्या मशीनवर स्टीलच्या पिनने वाजवायची हौस असेल तर ही तबकडी सोडून दुसरी घ्या. त्या पिनेवर ४५ तर कधीच नको, एका फेरीत खाच सोलून निघते.

नागपूरकर म्हणून अजून एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की माळ्यावर, गाडीच्या डिकीत, पश्चिमेच्या भिंतीला रेकॉर्ड ठेवू नका, व्हिनाइल पापडासारखं वाकतं. आणि कूलरच्या समोरही नाही. खसच्या ओल्या हवेने माझ्या तीन कव्हरांना बुरशी आली होती. आतल्या खोलीत, उभ्या, फार दाटी न करता ठेवा.

किमतीचं मला विचारू नका, मी विक्रेता नाही. विकायला लावलेले आकडे बघून हुरळू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींचे आकडे बघा. आणि त्या कबाड्याकडे परत जा, बीटल्सवर थांबू नका. उषा अय्यर, म्हणजे आताच्या उषा उथुप, यांच्या सुरुवातीच्या इंग्रजी ४५, सिमला बीट या बँडच्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१च्या एलपी, हे सगळं लोक हिंदी सिनेमाच्या ढिगात शोधत नाहीत म्हणून तसंच पडून राहतं.

दोन्ही बाजूंच्या रनआउटचा नंबर आणि लेबलवरचं सगळं अक्षर न् अक्षर इथे टाका. मी अजनीला राहतो, ७८ची सुई माझ्याकडे आहे. न पुसता, कागदात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून आणा. इथेच पुसू आणि वाजवू.