मेसेज डिलीट केलास तरी

प्रिय पोरा,

रात्री दीडला मेसेज टाकलास आणि सकाळी डिलीट केलास. तोवर मी वाचला होता: बायकोजवळ गेलास की ऐन वेळी लिंगाला ताठरता येत नाही, काय करू, असं विचारलं होतंस. म्हाताऱ्याला झोप कमी असते, एवढं तरी ध्यानात ठेवायचं बे! फोनवर तुझी जीभ उचलायची नाही म्हणून लिहून पाठवतोय.

सोलापुरात नवी पेठेत मेडिकलच्या काउंटरमागे माझं आयुष्य गेलं. तुझ्या प्रश्नाचं गिऱ्हाईक लांबूनच कळायचं. दुकानात दुसरं कोणी असेल तर तो आधी डोकेदुखीची गोळी मागायचा, रेंगाळायचा, आणि मग आवाज खाली यायचा. त्यात चादरीचे व्यापारी होते, मास्तर होते, मागावरचे कामगार होते, हातावरची हळद न उतरलेली पोरंही होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली होती. १९९४ साली तिचे निष्कर्ष छापून आले, त्यात निम्म्याहून जास्त पुरुषांना कमी-अधिक हीच अडचण निघाली. तुझी तर तिशीही उलटली नाही, त्यामुळे तुझ्या बाबतीत कारणं जरा वेगळीकडे शोधावी लागतील.

पहाटे कधीकधी ताठरता असते, असं तू लिहिलंस. हे चांगलं लक्षण आहे. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, त्याच्या नकळत. ती येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी धड आहेत आणि घोटाळा बहुधा भीतीचा आहे. ताठरतेसाठी लिंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्त आत भरावं लागतं. माणूस धास्तावला की अॅड्रेनालिन वाढतं आणि त्याच रक्तवाहिन्या आवळल्या जातात. एकदा फसलं की पुढच्या वेळी बायकोकडे लक्षच राहत नाही, सगळं लक्ष ‘आज जमतंय का’ यावर. मागाजवळ मुकादम येऊन उभा राहिला की मुरलेल्या विणकराचाही हात चुकतो. तू स्वतःच स्वतःचा मुकादम होऊन बसलायस.

त्यात तुमचं दाजी पेठेतलं दोन खोल्यांचं घर. मधे एक पडदा, पलीकडे आईवडील, आणि आई येताजाता ‘गोड बातमी कधी’ विचारणार. अशा घरात नव्या जोडप्याला निवांतपणा कुठला मिळायचा? जमेल तेव्हा दोन दिवस बाहेर जा, पंढरपूर-तुळजापूर दर्शनाचं निमित्त सांगितलं तर कोणी अडवणार नाही. देवालाही राग येणार नाही, माझी खात्री आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॉवेलच्या एक्स्पोर्टची ऑर्डर घाईची आहे, असं घरी सांगून तू रात्रपाळी मागून घेतोस. तुझ्या बायकोला यातलं काय दिसतं? नवरा रात्री घरी नसतो, असला की भिंतीकडे तोंड करून झोपतो, हात लावला की दचकतो, फोन उलटा ठेवतो. ती यातून दोनच अर्थ काढणार. एक, मी याला आवडत नाही. दोन, याचं बाहेर कुणीतरी आहे. तिसरा अर्थ तिला सुचायचा तर तो तुलाच सांगावा लागेल. ती माहेरी बहिणीशी काय बोलत असेल, याचा कधी विचार केलास? तुझी इज्जत वाचवण्यासाठी तू जे लपवतोस, त्यानेच तिची झोप उडवलीय.

सांगायचं कसं, तर अंथरुणात अजिबात नाही, फसल्यानंतर लगेच तर नाहीच. गाडीवर अक्कलकोटला जा, येताना वळसंगला चहाला थांबा, तिथे बोल. मोठी प्रस्तावना नको. ‘तू मला आवडतेस. माझं शरीर ऐन वेळी साथ देत नाही, त्याची मला लाज वाटते, म्हणून मी टाळतोय. डॉक्टरकडे जाणार आहे, तू बरोबर येशील का?’ एवढं बास. ती रडेल, कदाचित चिडेलही, की इतके दिवस का नाही सांगितलंस. चिडू दे. तो तिचा हक्क आहे. फक्त ‘तुझ्यामुळे’ हा शब्द तोंडातून निघता कामा नये. दोघांच्या आयांना यात अजिबात ओढायचं नाही.

पुढे दोघांनी मिळून ठरवा की काही आठवडे संभोग करायचाच नाही. हसू नकोस. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास ही पद्धत रुजवली आणि आजही समुपदेशक ती सांगतात. फक्त जवळ झोपायचं, पाठ चोळायची, हात फिरवायचा, ताठरता आली तरी पुढे जायचं नाही. परीक्षाच रद्द झाली की नापास होण्याची भीती उरत नाही. आणि बाईचं समाधान एकाच मार्गाने होतं, हे तुला कोणी सांगितलं? तिलाच विचार. माझ्या पिढीतल्या किती नवऱ्यांनी बायकोला हे विचारलं असेल, शंकाच आहे.

डॉक्टरकडे मात्र जायचंच. तुझ्या वडिलांना साखर आहे, तेव्हा उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घे. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासायला सांगितलं तर रक्त सकाळी द्यायचं, तेव्हाच त्याची पातळी जास्त असते. आधी एमडी फिजिशियन, ते गरजेप्रमाणे युरोलॉजिस्टकडे पाठवतील. भीतीचाच भाग निघाला तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जायला लाजू नकोस. तंबाखू आणि मावा बंद, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. हे तुझ्या चाळिशी उलटलेल्या मामांनाही सांग. लिंगाची रोहिणी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चारची. लहान नळी आधी तुंबते, त्यामुळे ताठरता कमी होणं हा काही वेळा हृदयविकाराचा काही वर्षं आधीचा इशारा असतो.

गोळ्यांचं मी सांगितलंच पाहिजे. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मुळात छातीदुखीसाठी तपासत होते, १९९८ मध्ये अमेरिकेत ते या कामासाठी मंजूर झालं. औषध चांगलं आहे, पण चिठ्ठीवरच घ्यायचं. साधारण तासभर आधी घ्यावं लागतं, वर मटण चापलंस तर उशिरा लागू पडतं, आणि इच्छा नसेल तर काहीच करत नाही. त्याच जातीच्या टॅडालाफिलचा असर दीड दिवसापर्यंत राहतो. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने यातलं काही घेतलं तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. हळू आवाजात मागणारा माणूस नेमकं हेच सांगायचं विसरतो, म्हणून मला त्या कुजबुजीची धास्ती वाटायची. ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर थेट इमर्जन्सीत जायचं, तिथे लाजत बसलास तर कायमचं नुकसान होईल.

एसटी स्टँडच्या आसपास भिंतींवर ‘मर्दाना ताकद’च्या जाहिराती असतात ना, तसल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या चिकटतातच. अशा ‘शुद्ध जडीबुटी’च्या पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेकदा सापडलंय, आणि किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. लहानपणच्या हाताच्या सवयीने हे झालं, असं कोणी बाबा म्हणाला तर पैसे खिशातच ठेवून परत ये. त्या सवयीने नस मरत नाही, वीर्य आटत नाही.

तू मेसेजमध्ये तसल्या एका कॅप्सूलचं नाव लिहिलं होतंस. ती आजपासून बंद. पण पाकीट फेकू नकोस, डॉक्टरकडे जाताना बरोबर ने. रिपोर्ट आले की मला पाठव, आणि या वेळी डिलीट करू नकोस.

तुझा,
काका